एक जूनची कर्तबगार व्यक्ती

"गुरुजी, एक तारखेला माझं नाव फळ्यावर पायजे," शिवहार म्हणाला.

शिवप्रसाद गुरुजींनी वळून पाहिले नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर ते एकोणतीस मेचा दिनविशेष लिहीत होते, आणि हातातले वाक्य अर्धे सोडून कोणाशी बोलण्याची त्यांना सवय नव्हती. 'एव्हरेस्टवर पहिली यशस्वी चढाई, तेनसिंग व हिलरी' एवढे लिहून त्यांनी पूर्णविराम दिला, खडूची धूळ झटकली आणि मग विचारले, "कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? माझा जन्म हाय ना त्या दिवशी. रोज येवढ्या लोकायचे जन्म लिहून राहिले तुमी, गावच्या पोरानं काय घोडं मारलं?"

"जिवंत माणसाचं नाव या फळ्यावर येत नाही."

"मंग काय मरू का?"

"घाई नाही," गुरुजी म्हणाले.

हा नियम गोरेगावात सर्वांना ठाऊक होता. गुरुजी शाळेत होते तोवर फळा शाळेत होता. ते निवृत्त झाले तेव्हा फळाही त्यांच्यासोबत निवृत्त होऊन ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आला. समोरच सेनगावच्या जीपा थांबतात. जीप भरेपर्यंत माणसे फळा वाचत, आणि जीपमधून उतरणारीही आधी फळ्याकडे पाहत. कारण गावातले कोणी गेले की गुरुजी त्याचे नाव त्या दिवसाच्या थोर मृतांच्या रांगेत लिहीत. अर्ध्या गावाची बाळंतपणे केलेली भिकाबाई सुईण वारली, तेव्हा तिच्या लेकीला, मिराबाईला, जीपमधून उतरल्या उतरल्या ती बातमी फळ्यावरूनच कळली होती. तेव्हापासून लोक वरून खाली वाचत नसत. आधी आपल्या गावचे नाव आहे का ते पाहत, नसले की हायसे वाटून मग फ्रेंच राज्यक्रांतीकडे वळत.

"हे तेनसिंग चढला तवा जिवंतच होता की," शिवहारने फळ्याकडे बोट केले.

"चढला तेव्हा होता. मी लिहिला तेव्हा नव्हता. आणि हिलरी दोन हजार आठपर्यंत जिवंत होता. तोवर मी दर वर्षी 'तेनसिंग व एक सहकारी' असंच लिहिलं आहे. जिवंत माणूस उद्या काय करील याचा भरवसा नसतो, शिवहार. आज नाव लिहावं आणि उद्या खोडायची वेळ यावी, हे मला जमायचं नाही."

शिवहार हा सरपंच राधिका यांचा पती. गावातला सरपंचपदाचा शिक्का राधिकाच्या नावाचा आणि शिवहारच्या खिशात असे. तो गेली वीस-बावीस वर्षे युवा नेता होता. केस काळे करावे लागू लागल्यावरही त्याने हे पद सोडले नव्हते. लांबत गेलेल्या पंचायत समितीच्या निवडणुका आता होणार, अशी हवा होती, आणि पक्षाचे जिल्ह्यातले साहेब एक जूनला गावात येऊन माणूस पारखणार होते. साहेब माणूस एकाच पद्धतीने पारखत: त्याच्या वाढदिवसाला किती डोकी जमतात ते पाहून.

"हे पहा गुरुजी," शिवहारचा आवाज खाली आला, "भिंत ग्रामपंचायतीची हाय. म्या इथं फ्लेक्स लावनारच होतो. म्हनलं गुरुजीच्या फळ्याची अडचन काहून करा. पन आता तुमीच नियम सांगून राहिले तर मलाबी नियम हाईत."

शिवहार गेला. निवृत्त मुख्याध्यापकाला गावात दोनच जागा असतात: लग्नातल्या अहेराच्या यादीशेजारची खुर्ची आणि अंत्यविधीत दोन शब्द बोलण्यासाठीचा दगड. गुरुजींजवळ तिसरी होती. तीच आता जाऊ घातली होती.

घरी त्यांनी भाकरी अर्धी ठेवली. पद्माबाईंनी कारण विचारले नाही. गावात सांगितलेली धमकी घरी नवऱ्याच्या आधी पोचते.

"लिहा की मंग हिलरीवानी," त्या ताट उचलत म्हणाल्या. "त्याचं नाव नसून भागलं येवढी वर्सं. ह्याला काय सोनं लागलंय?"

गुरुजींनी चमकून वर पाहिले. आपल्या पत्नीला हिलरी माहीत आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हते.

एकतीस मेच्या सकाळी त्यांनी, शिवहारच्या आग्रहाखातर, दुसऱ्या दिवसाचा दिनविशेष एक दिवस आधी लिहिला: 'उद्या, १ जून. १९३० : डेक्कन क्वीन ही आगगाडी सुरू झाली. १९४८ : एसटीची पहिली बस पुण्याहून नगरला गेली. याच दिवशी आपल्या गावातील एका कर्तबगार व्यक्तीचा जन्म झाला. सदर व्यक्तीचा सत्कार उद्या सकाळी शाळेच्या मैदानावर साहेबांच्या हस्ते होईल. सहकुटुंब यावे.' शेवटची दोन वाक्ये शिवहारने सांगितली. 'सदर' हा शब्द मात्र गुरुजींचा.

"नाव न्हाई," शिवहार वाचून म्हणाला, "पन समजनारे समजतेत."

समजणारे समजले. अडचण तिथेच झाली.

गुरुजींनी उभी नोकरी गोरेगाव आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांवर केली होती. जून महिन्यात ते दारोदार फिरून मुले शाळेत घालत. आईला विचारले की आई सांगे, "ज्वारी हुरड्यावर आलती तवा झालं," किंवा "धाकट्या दिराच्या लग्नात पोटात होतं." हुरडा आणि दिराचे लग्न प्रवेशअर्जाच्या चौकटीत मावत नसे. मूल सहा वर्षांचे तर दिसले पाहिजे आणि शाळा तर जूनमध्ये सुरू होते. तेव्हा गुरुजी एक जून लिहीत आणि पुढच्या दारी जात. त्या काळी सगळेच गुरुजी असे करत. तीच तारीख पुढे आधारवर गेली, रेशनवर गेली, नोकरी लागलेल्यांच्या निवृत्तीपर्यंत गेली. पण गुरुजींच्या लेखी तो कोणाचा जन्म नव्हता, ती रकान्याची सोय होती. त्यामुळे फळ्यावर 'सदर व्यक्ती' लिहिताना त्यांच्या मनात त्यातले एकही मूल आले नाही.

पहिला आला दगडोबा. मेंढरे रस्त्यावरच सोडून तो काठीवर हनुवटी टेकून फळ्यासमोर उभा राहिला. चौथीपर्यंतची अक्षरे त्याने जपून ठेवली होती.

"गुरुजी, एक जून तर माझाच हाय ना? तुमीच लावलाता."

"असेल," गुरुजी सावधपणे म्हणाले.

"मंग सत्कार माझा हाय का काय?"

"नाव सांगता येत नाही, दगडोबा. जिवंत माणसाचं नाव मी सांगत नसतो."

दगडोबा जरा विचारात पडला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. "म्हंजे मानूस जिता हाय," तो म्हणाला. "मीबी जिताच हाय. बराबर. न्हाई सांगत मी कुनाला."

त्याच्यानंतर तांड्यावरचा पेमा आला. पेमाने तांड्यावर नळ आणला होता. नळाला पाणी आणणे सरकारकडे राहिले होते. तरी आपण कर्तबगार असल्याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. गुरुजींनी त्यालाही तेच सांगितले, आणि तोही तसाच समाधानाने परतला. दुपारी मिराबाई आली. बचत गट, कोंबड्या आणि दारू सोडलेला नवरा, अशी तिन्ही कर्तबे तिने मोजून दाखवली. "'व्यक्ती' म्हनलंय, 'पुरुष' न्हाई म्हनलं," ती म्हणाली, "तवाच मी वळखलं." गुरुजी सर्वांना एकच उत्तर देत होते आणि ते उत्तर प्रामाणिक होते. प्रामाणिक उत्तराने एवढी फसवणूक होऊ शकते, हे त्यांनी सबंध नोकरीत कोणाला शिकवले नव्हते.

शिवहारने आपल्या फोटोचे फ्लेक्स गावभर लावले होते हे खरे. पण त्याचा फोटो गावात बारमाही होता. गणपतीला, दहावीच्या निकालाला, कोणा मंत्र्याच्या नातवाच्या बारशाला तो तसाच हात जोडून उभा असे. त्याच्याकडे आता जनावरेसुद्धा पाहत नसत. लोकांचा विश्वास होता तो खडूवर.

एक जूनला सकाळी शाळेचे मैदान भरले. शेतांतल्या आखाड्यांवरून, वाड्यांवरून, तांड्यावरून माणसे सहकुटुंब आली. विशेष म्हणजे प्रत्येक कुटुंबात एक तरी माणूस जरा अंतर राखून, मान ताठ ठेवून चालत होता. दगडोबाने लग्नातला फेटा बांधला होता आणि मागे मेंढरेही होती, कारण ती राखायला घरी कोणी उरले नव्हते. राधिका नव्या पैठणीत आली आणि पहिल्या रांगेत शिवहारच्या खुर्चीत बसली.

"तू हितं काहून?" शिवहार पुटपुटला. "ही सत्कारमूर्तीची हाय."

"माझ्या दाखल्यावर काय तारीख हाय बघा कवातरी," राधिका समोर पाहत म्हणाली. "अन् फळ्यावर कर्तबगार व्यक्ती लिवलंय. सरपंचाचा नवरा न्हाई लिवलं."

मंच म्हणजे दोन चाकांची ट्रॉली होती. ट्रॅक्टर खुर्च्या आणायला गेला असल्याने तिचा पुढचा दांडा दगडांवर टेकवला होता. वर एक शाल, एक नारळ आणि हिंगोलीहून आणलेला केक. केकवर शिवहारचे रंगीत चित्र काढून घेतले होते. त्यात त्याचे केस होते त्याहून काळे होते.

साहेब आले आणि गर्दी पाहून गाडीतच क्षणभर थांबले. इतकी माणसे त्यांनी गाड्या पाठवल्याशिवाय कधी पाहिली नव्हती. "शिवहार," ते खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुला कमी समजलो रे मी." शिवहारचे डोळे भरून आले. त्याला वाटले, उमेदवारी मिळाली. आता फक्त केक कापायचा राहिला.

साहेबांनी माईक घेतला. सभेत नाटक कसे उभे करावे हे त्यांना चांगले ठाऊक होते. "मी नाव घेणार नाही," ते म्हणाले, "कारण नाव घ्यायची गरजच नाही! तुमच्या सर्वांच्या मनात ते नाव आहे. आज ज्यांचा वाढदिवस आहे, त्या लाडक्या नेतृत्वाने मंचावर यावं!"

दगडोबा उठला. पेमा उठला. मिराबाईने पदर खोचला. राधिका तर पहिल्याच रांगेत होती. मग रांगांमागून रांगा उठल्या आणि शांतपणे, कोणतीही घाई न करता, मैदान ट्रॉलीकडे चालू लागले. प्रत्येकाला वाटले, बाकीचे आपल्या अभिनंदनासाठी येत आहेत. म्हणून जो तो शेजाऱ्याकडे पाहून नम्रपणे हसत होता. ट्रॉलीवर चढेपर्यंत हा गोड समज टिकला.

"तू काहून चढून राहिला, पेमा?"

"माझा सत्कार हाय. तू खाली थांब, दगडोबा, मंग तुझ्या हातानं हार घालून घेतो."

"माझ्या हातानं? अरे तुझा कवाचा एक जून?"

"जवाचा तुझा!"

ट्रॉलीच्या मागच्या बाजूने चढणाऱ्यांचे वजन हळूहळू पुढच्या वजनाहून अधिक झाले. दांडा दगडांवरून उचलला गेला, ट्रॉलीने गाढव ओरडताना करते तसे तोंड आकाशाकडे केले आणि साहेब, शाल, नारळ व केक एका रेषेत घसरत लोकांमध्ये आले. कोणाला इजा झाली नाही, केकखेरीज. त्यातला शिवहार ज्याच्या त्याच्या वाट्याला थोडा थोडा आला. मिशा पेमाच्या नातवंडांनी खाल्ल्या आणि कपाळ एका मेंढीने.

लोकांनी साहेबांना उचलून, शिवहारच्या खांद्यावर हात टेकवून उभे केले. माईक अजून त्यांच्या हातात आणि सुरू होता.

"ह्या सगळ्यांचा वाढदिवस आज?" ते धापा टाकत म्हणाले, आणि ते गावभर ऐकू गेले. "एकाच दिवशी?"

"व्हय साहेब," दगडोबा फेटा सावरत म्हणाला. "जल्म आमच्या मायनं देल्ला, तारीख गुरुजीनं."

गर्दीत हशा पिकला. मागे चिंचेखाली उभे असलेले गुरुजी मात्र पांढरेफटक पडले. गेल्या कित्येक वर्षांत फळ्यावर एक तारीख चुकू नये म्हणून त्यांनी चार-चार पुस्तके ताडून पाहिली होती. आणि आता पंचक्रोशीतली सर्वांत मोठी बनावट तारीख मुलाबाळांसह त्यांच्यासमोर उभी राहून हसत होती. आता हा माणूस सर्वांदेखत काय बोलेल, फळा काढायला सांगेल की काय, या भीतीने ते साहेबांकडे पाहू लागले.

साहेब मोजत होते. गर्दी मोजून झाल्यावर त्यांनी गुरुजींकडे पाहिले, आणि शिवहारच्या खांद्यावरचा हात अलगद काढून घेतला.

"गुरुजी," ते म्हणाले, "जेवायला तुमच्याकडेच येतो."

पद्माबाईंनी पिठले केले. साहेब मांडी घालून बसले, दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरीच्या आधी मुद्द्यावर आले. "ह्या भागात तुमच्या एका शब्दावर माणसं जन्माला आली, गुरुजी. तुम्ही उभे राहा."

"मी? मी फळ्याचा माणूस. मी आयुष्यात खोटं लिहिलं नाही," गुरुजी म्हणाले, आणि सकाळचे मैदान आठवून थोडे अडखळले. "म्हणजे, फळ्यावर नाही."

"म्हणूनच तर! खोटं लिहायला आमच्याकडे पुष्कळ माणसं आहेत. ते ज्याच्या नावावर खपेल असा माणूस नव्हता." साहेबांनी ठेच्याला बोट लावले. "आणि फळ्याची काळजी करू नका. भिंत कोणाची, हा प्रश्नच राहणार नाही. दिव्यांचा फळा देतो. आपोआप बदलणारा."

गुरुजींनी ताबडतोब होकार दिला नाही. त्यांनी तत्त्वांविषयी सांगितले, शिक्षणाच्या अवस्थेविषयी सांगितले, स्वतःला पदाचा मोह नाही हे तीनदा सांगितले. साहेबांनी हे सर्व अनेक घरांत ऐकले असल्यामुळे ते शांतपणे ताक पीत राहिले. ताक संपले तेव्हा गुरुजी म्हणत होते, "लोकांचीच इच्छा असेल तर..."

पद्माबाई वाढता वाढता थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे, ओळख पटवून घ्यावी तसे, एकदा नीट पाहिले आणि पिठल्याचे पातेले आत नेले.

दोन जूनला गुरुजी नेहमीपेक्षा लवकर फळ्याशी गेले. सोबत रंगीत खडू होते. 'इंग्लंडच्या राणीचा राज्याभिषेक, १९५३' आणि 'तेलंगण राज्याची स्थापना, २०१४' एवढे नेहमीच्या पांढऱ्या खडूने लिहून झाल्यावर त्यांनी खाली जागा मोकळी ठेवली आणि काही वेळ विचार केला. नियम त्यांना आठवत होता. पण तो जन्म आणि मृत्यूपुरता आहे, घटनेला लागू नाही, असे त्यांना अलीकडे, म्हणजे घरून निघाल्यापासून, वाटू लागले होते. हिलरीची त्या क्षणी त्यांना आठवण झाली नाही. लाल खडूने त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिले: 'शिक्षणमहर्षी शिवप्रसाद गुरुजी'. भोवती वेलबुट्टी काढली. पुढे उमेदवारीचे दोन शब्द लिहायचे होते, पण नाव आणि वेलबुट्टी मिळून फळा संपला. नाव पुरेसे बोलके आहे, असे म्हणून ते शिवायला टाकलेले जाकीट आणायला शिंप्याकडे गेले.

पहिल्या जीपमधून पेमा आणि मिराबाई उतरले. दोघांनी सवयीने आधी गावचे नाव शोधले.

"आरे देवा," मिराबाईने तोंडाला पदर लावला.

"काल तर चांगले होते," पेमा म्हणाला. "ट्रॉली उलटली, त्याचा धसका घेतला आसंल."

मेंढरे घेऊन निघालेला दगडोबा थांबला. त्याने अक्षर न्याहाळले. "हे तर त्यायचंच अक्षर हाय," तो गदगदून म्हणाला. "मानूस किती नेमाचा बघा. जायच्या आधी सोताच्या हातानं लिहून गेले."

यावर कोणालाच काही शंका आली नाही. गुरुजींच्या नियमितपणाबद्दल गावाचे मत तेवढे चांगले होते. बातमी चौकातून निघाली ती शिवहारच्या घरावरून गेली. काल संध्याकाळपासून अंथरुणावर पडलेला शिवहार ताडकन उठला, त्याने हिंगोलीला फोन लावला आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सची मागणी नोंदवली. गुरुजींचा फोटो लहान आणि 'शोकाकुल'मधला मोठा, हे त्याला सांगावे लागले नाही. फ्लेक्सवाल्याला तो शिरस्ता माहीत होता.

पेमा, मिराबाई आणि दगडोबा माना खाली घालून गुरुजींच्या दारी आले. पद्माबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मिराबाईने पुढे होऊन त्यांना मिठी मारली आणि हंबरडा फोडणार, एवढ्यात आतून खणखणीत आवाज आला:

"बंधू-भगिनींनो! मला पदाचा मोह नाही!"

तिघांनी दारातून आत पाहिले. नव्या करकरीत जाकिटात एक गृहस्थ आरशासमोर उभे होते. ते हात जोडत, हसून पाहत, हसू थोडे कमी करत आणि पुन्हा हात जोडत.

पेमाने दुःखाने काढून हातात धरलेले पागोटे पुन्हा डोक्यावर ठेवले. मग खात्री नसल्यामुळे परत काढले. "माय," त्याने हळूच विचारले, "फळ्यावर तर गुरुजीचं नाव हाय. म्हंजे गुरुजी..."

"काल दुपारी," पद्माबाई सुपातला खडा वेचून बाजूला टाकत म्हणाल्या. "जेवता जेवता."

"आन् मंग हे कोन?"

"हे उमेदवार हाईत," त्या उठल्या. "बसा. चहा टाकते."